सातवा पट्टा

९ मार्च २०१७

अर्लन,

तुझा पत्ता तुझ्या टायरच्या दुकानाच्या नव्या मालकाकडून काढला. तो द्यायला तयार नव्हता. "कोणाला सांगू नका म्हटलंय त्यांनी," असं म्हणत राहिला. मी म्हटलं, "मी कोणी नाही, सख्खी थोरली बहीण आहे." मग कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिला. कोडियाक, अलास्का. नकाशात शोधायला चष्मा लावावा लागला. एवढं लांबच जायचं होतं तर निदान ऊन असलेल्या ठिकाणी तरी जायचंस.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

इथलं सांगते. काल वसंतातली चाल सुरू झाली. डेलबर्ट, मी आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, एवढे तिघंच. लोक गाड्या पळवायला येण्याआधी वाळूच्या टेकड्यांवर पाच फुटी लोखंडी गज घेऊन पाऊल-पाऊल चालायचं, टोचत जायचं, आणि हिवाळ्याच्या वाऱ्याने जुन्या कुंपणाचे खांब वर आणलेत का ते बघायचं. तीस वर्षांपूर्वी काउंटीने वाळू थोपवायला कुंपण घातलं आणि वाळूने ते कुंपणच गिळलं. बाबा खांब ठोकणाऱ्यांत होते, आता त्यांची मुलगी उपटते आहे. डेलबर्ट सत्तरीचा झाला तरी तोंड थांबत नाही. मला म्हणतो, "मार्लिस, वाळू तपासतेयस की भोसकतेयस?"

मैदानाच्या दहा पट्ट्यांपैकी सातवा मात्र मी एकटीच चालते. दोनदा चालते.

येत्या मे महिन्यात तुझ्या केंड्राला जाऊन वर्ष होईल. तिच्या थडग्यावरचा दगड बसवून झाला. अक्षरं सरळ आली आहेत. ती असती तर म्हणाली असती, "आत्या, पुरे, पुसू नकोस, झिजेल."

सप्टेंबरच्या सभेत तू तिन्ही कमिशनरांसमोर उभा राहिलास ते अजून डोळ्यांसमोर आहे. "मैदान बंद करू नका. मैदानाची चूक नाही, माझी आहे. मी उतार नीट न बघता हात वर केला आणि पोर माझ्या भरवशावर आली." एवढं बोलून टोपी घालून तू निघून गेलास. मी टेबलाच्या टोकाला इतिवृत्त लिहीत बसले होते. तुझं वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं, तेव्हापासून ते काउंटीच्या दप्तरात आहे.

मला ते वाक्य तिथे नको आहे.

जेवतोस ना नीट?

मार्लिस

२२ एप्रिल २०१७

अर्लन,

उत्तर नाही. असू दे. तू सहा वर्षांचा असताना माझ्याशी अकरा दिवस बोलला नव्हतास, कारण मी तुझा बेडूक सोडून दिला होता. मला सवय आहे.

परवा काउंटीच्या विम्याचा वकील येऊन गेला. तरुण आहे, बूट इतके स्वच्छ की डेलबर्टने त्याला मुद्दाम वाळूतून फिरवलं. मैदानाची जमीन सरकारची, ती काउंटीने सांभाळण्याचा करार यंदा नव्याने करायचा की नाही, ते ठरणार आहे. कमिशनरांचा अध्यक्ष ग्लेन टीग म्हणतो, "गावातली दोन मोटेलं आणि चार खाणावळी या वाळूवर चालतात. सोडून कसं देणार?" सोडा असं मीही म्हणत नाही. पण बाराशे एकर आणि तीन माणसं. सुट्टीच्या शनिवारी चार हजार लोक येतात, निम्म्यांच्या गाडीला माथ्यापलीकडून दिसणारी निशाणाची काठीसुद्धा नसते. सांभाळण्याची जबाबदारी काउंटीची, असं करारात एका ओळीत लिहिलं आहे. ती ओळ लिहिणाऱ्याने कधी वाळू बघितली होती की नाही कोण जाणे.

वकिलाने मला कायदा समजावून सांगितला. लोक फुकट येतात, आपल्या जोखमीवर येतात. वाळूने दगा दिला तर काउंटी जबाबदार नाही. पण माणसाने घातलेली एखादी वस्तू लपून राहिली असेल, आपल्याला माहीत असेल आणि तिथे पाटी लावली नसेल, तर मात्र जबाबदार. त्याच्या शब्दांत, "थोडक्यात मॅडम, वाळू देवाची, खांब आपला." मग वही उघडून विचारलं, "असं काही आहे का तिकडे?"

मी म्हटलं, "आम्ही दर वसंतात चालतो. पत्रक भरतो."

त्याने मान डोलावून लिहून घेतलं. जाताना म्हणाला, मृताच्या घरच्यांशी या विषयावर पत्रव्यवहार करू नका. मी म्हटलं, "मृताच्या घरची मीच आहे." त्याला ठाऊक नव्हतं. बिचारा पार लाल झाला.

शेरीफच्या माणसाने लिहिलेला अहवाल त्याच्या कागदांत होता. "वेग जास्त, उतारावर तोल गेला." केंड्राने चार उन्हाळे माझ्याबरोबर प्रवेशाच्या टपरीवर काढले. येणाऱ्या प्रत्येक टोळीला तीच दम द्यायची, "पुढचा माणूस माथा ओलांडून खाली थांबेल, वळून बघेल, हात वर करेल. हात दिसेपर्यंत कोणी हलायचं नाही. घाई असेल त्याने घरी जावं." मोठमोठे बाप्ये मान खाली घालून ऐकायचे. ती पोर वेगात उतरली असेल यावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

का बसला नाही ते पुन्हा कधी लिहीन. आज डोकं दुखतं आहे.

मार्लिस

१८ जून २०१७

अर्लन,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टातल्या बाईने मागची बाजू वाचली होती हे तिच्या तोंडावरून कळलं, तरी मी काही बोलले नाही. गाडीत बसून वाचलं.

"मार्लिस, पत्रं मिळाली. मी ठीक आहे. धक्क्यावर क्रेनवाल्याला खालून हाताने खुणा करायचं काम दिलं होतं. हात वर करायची वेळ आली की होत नाही. आता मासे साफ करतो. वाळूबद्दल लिहू नकोस."

सहा वाक्यं आहेत आणि पहिल्या दोनांत काही नाही. तिसरं-चौथं मला पाठ झालं आहे.

डेलबर्टला मी फक्त एवढंच सांगितलं की तू मासे साफ करतोस. त्याने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली. मग म्हणाला, "तुझ्या भावाला मासा खायलासुद्धा आवडत नाही." हसू आलं आणि मग मला शेडमागे जावं लागलं.

रविवारी कोबी-खिम्याचे पाव केले. बारा केले. कोणासाठी ते केल्यावर लक्षात आलं.

अर्लन, तू सांगितलंस वाळूबद्दल लिहू नकोस. मला एकदा तरी लिहावंच लागेल. आज धीर होत नाही. पण हे पत्र टाकते, म्हणजे पुढचं न लिहिण्याची सोय राहणार नाही.

मार्लिस

९ जुलै २०१७

अर्लन,

बसूनच वाच.

तुला सगळं ठाऊक आहे तरी पहिल्यापासून लिहिते, कारण हा कागद उद्या आणखी कोणाला वाचावा लागेल.

हिवाळ्याचा वारा उत्तरेचा असला की सातव्या पट्ट्यावर वाळू चढते आणि खांब आठ-आठ फूट खाली जातात. गजाला लागायचा प्रश्नच नसतो. अशा वर्षी सातवा सोडायचा, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. बाबा सोडायचे, डेलबर्ट सोडतो, मीही सोडत आले. पत्रकावर मात्र दहाही पट्ट्यांपुढे सही लागते, नाहीतर मैदान उघडायची परवानगी येत नाही. म्हणून सातव्यापुढेही "चाललो" लिहून सही ठोकायची. कोणाला त्यात खोटं वाटत नव्हतं. मला तर ते शहाणपण वाटायचं. कचेरीत बसून पत्रक आखणाऱ्याला वारा कुठे ठाऊक आहे, असं मी नव्या माणसांना शिकवायचे.

२०१६ चा हिवाळा उत्तरेचाच होता. मार्चमध्ये मी सातव्यावर पाय न ठेवता सही केली.

मग १९ मेला नैऋत्येचा वारा सुटला. तीन दिवस थांबला नाही. टपरीचा पत्रा उडाला, कचऱ्याची पिंपं रस्त्यावर लोळत होती, तुझ्याही दुकानाची पाटी पडली होती, आठवतं? नैऋत्येचा वारा सातवा पट्टा खरवडून काढतो. हे मला कळत होतं. मी खिडकीतून पिंपं लोळताना बघितली आणि मनात म्हटलं, सातवा पुन्हा चालायला हवा. पण त्या आठवड्यात मी माझ्या हाताखालच्या दुसऱ्या माणसाची नोकरी टिकावी म्हणून कमिशनरांपुढे अर्जावर अर्ज नेत होते. म्हटलं, सोमवारी जाऊ. सोमवारचा बुधवार झाला. शनिवारी, २८ तारखेला, मैदान उघडलं.

तू सातव्याच्या माथ्यावरून डावीकडून उतरलास. खाली थांबलास, वळून बघितलंस, हात वर केलास. तुझ्या मागून केंड्रा जराशी उजवीकडून आली. तिथे वाळूच्या बोटभर खाली खांबाचं टोक होतं. पुढचं चाक त्यावर आदळलं. ती वेगात नव्हती. शेरीफचा माणूस यायच्या आत, पळणाऱ्या लोकांच्या पायांनी वरची वाळू घसरली आणि खांब पुन्हा झाकला गेला. त्याला उलटलेली गाडी दिसली, त्याने वेग लिहिला.

मला चैन पडेना. ऑगस्टमध्ये मी गज घेऊन एकटी गेले. तिसऱ्याच टोचणीला लोखंड लागलं. खणलं. खांब वाकलेला होता आणि टोकाला लाल रंग घासलेला होता. तिच्या गाडीचा लाल.

मी तो उपटला, पिकअपमध्ये टाकला आणि शेडमागच्या भंगारात दुसऱ्या शंभर खांबांत ठेवून दिला. ऑक्टोबरात भंगारवाला सगळं घेऊन गेला. मध्ये सप्टेंबरची सभा झाली. तू उभा राहून बोललास आणि मी ते लिहून घेतलं.

का बोलले नाही, हे स्वतःला वर्षभर विचारते आहे. मैदान बंद पडेल म्हणून, गाव तोंडात शेण घालेल म्हणून, नोकरी जाईल म्हणून, हे सगळं खरं आहे. पण सगळ्यात खरं हे की तिला मी मारलं असं तुला कळू नये म्हणून. तू स्वतःला दोष देत होतास आणि मी तो देऊ दिला. थोडे दिवस, असं म्हणत राहिले. तेवढ्यात तुझा हात वर व्हायचाच थांबला.

मी येत्या सभेत हे सांगणार आहे. तुझी क्षमा मागत नाही. मागायचं तोंड राहिलेलं नाही.

मार्लिस

२० ऑगस्ट २०१७

अर्लन,

तू लिहिलं नाहीस. मी झालेलं कळवते.

मंगळवारी सभा झाली. नागरिकांच्या बोलण्यासाठी तीन मिनिटं असतात. इतिवृत्त लिहायला दुसरी मुलगी बसवली होती. मी तुला लिहिलं तेच वाचून दाखवलं. तीन मिनिटांची घंटा वाजली तरी वाचत राहिले, आणि कोणी थांबवलं नाही.

टीगने समोरचे कागद बाजूला सारले. मग फार गोड आवाजात म्हणाला, "मार्लिस, तू थकली आहेस. भाची गेली, भाऊ गेला. मनाला वाटेल ते दिसतं अशा वेळी. खांब कुठे आहे?"

"भंगारात गेला."

"कोणी बघितला?"

"मी."

तो वकील वही बंद करून म्हणाला की पुराव्याअभावी हे निवेदन नोंदवायची गरज नाही. टीगने पुढचा विषय घेतला. रस्त्यावरच्या खडीचा. मी उभीच होते, अर्लन. मला वाटलं होतं, खरं बोलले की निदान जमीन तरी हादरेल. खडीचा विषय निघाला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून डेलबर्ट उठला. टोपी हातात. "ग्लेन, खडी थांबव जरा," म्हणाला. "सातव्यापुढे दोन सह्या आहेत. दुसरी माझी. मीही गेलो नव्हतो. मी पण थकलोय का?"

"डेलबर्ट, खाली बस."

"बसतो. आधी लिहून घ्या."

त्या मुलीने टीगकडे बघितलं, मग लिहून घेतलं.

दोन्ही सह्या खोट्या निघाल्या, म्हणून आता मैदान बंद आहे. शुक्रवारी फाटकाला साखळी लागली. सरकारचे लोक येऊन सगळं कुंपण शोधून काढेपर्यंत उघडणार नाही. काउंटी करार करेल असं दिसत नाही. मी राजीनामा देण्याआधीच त्यांनी मागून घेतला. खाणावळीत गेले तर बाईने मेनू हातात न देता टेबलावर टाकला. तिचंही बरोबर आहे, उरलेला उन्हाळा गेला तिचा. टायरच्या दुकानाचा नवा मालक तेवढा भेटला, म्हणाला, "त्यांना कळवलंत ना?" मी म्हटलं, कळवलं.

अहवाल बदलला. "वेग जास्त" हे शब्द काढले. त्या जागी "जमिनीखालील लोखंडी खांबास धडक" असं आहे. प्रत सोबत जोडली आहे. आणि सप्टेंबरच्या इतिवृत्तातलं तुझं वाक्य खोडता येत नाही म्हणाले, पण त्याखाली दुरुस्तीची टीप जोडली आहे. ती मी माझ्या अक्षरात लिहिली.

डेलबर्ट रोज सकाळी येऊन माझ्या पायरीवर बसतो. दोघांनाही कुठे जायचं नसतं.

मार्लिस

८ ऑक्टोबर २०१७

अर्लन,

तुझं पत्र काल आलं. पाकीट जड लागलं म्हणून आशा वाटली होती. आत अहवालाची प्रत होती, तू परत पाठवलेली, आणि तिच्या मागे तुझं अक्षर.

"ऑगस्टमध्ये सापडला लिहितेस. जूनपासून दुपारचा वारा वायव्येचा असतो. ऑगस्टपर्यंत सातव्यावर पुरुषभर वाळू चढते. पाच फुटी गज पोचत नाही, तिसऱ्या टोचणीला तर नाहीच. मी त्याच वाळूत वाढलोय. कधी सापडला ते सांग."

मी तीन महिन्यांपूर्वी तुला सगळं खरं लिहिलं आणि त्यात तारीख खोटी घातली. वकिलाला चालली, टीगला चालली, डेलबर्टनेही काही विचारलं नाही. तुझ्यापुढे नाही टिकली. हे तुला लिहिताना मला जरा बरंही वाटतं आहे, का ते सांगता येत नाही.

मंगळवार, ३१ मे. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास. मैदान चौकशीसाठी बंद होतं, माझ्याकडे किल्ली होती.

शुक्रवारी आपण तिला पुरलं.

म्हणजे शुक्रवारी मला माहीत होतं. चर्चच्या तळघरात बायका कॉफी ओतत होत्या, कोणीतरी बटाट्याचं काहीतरी भाजून आणलं होतं, सगळे तुझ्या पाठीवर हात ठेवून जात होते. तू मला कोटांच्या खुंट्यांजवळ घेऊन गेलास. तुझं तोंड माझ्या इतकं जवळ होतं. तू विचारलंस, "मार्लिस, तू हे काम करतेस, तुला कळतं. खरं सांग. मी हात लवकर वर केला का?"

मला तीन दिवसांपासून माहीत होतं. मी तुझ्या कॉलरवरचा धागा काढला आणि म्हणाले, "आता त्याचा विचार करू नकोस."

तू माझ्याकडे बघितलंस. मग मान हलवलीस. तुला उत्तर मिळालं होतं, आणि तुझ्या बहिणीने, वाळूचं काम करणाऱ्या माणसाने ते दिलं होतं. सप्टेंबरमध्ये तू तेच उत्तर सभेत बोलून दाखवलंस.

ऑगस्ट लिहिलं ते याचसाठी. बाकी सगळं कबूल करता आलं, त्या खुंट्यांजवळचं नाही आलं. हे वाचून तू मला पुन्हा कधी लिहिणार नाहीस, आणि तसं केलंस तर ते बरोबरच असेल. मी दर महिन्याला लिहीन, तू उघडू नकोस.

त्या दिवशी एक शब्द पुरला असता. तू विचारलंस आणि तो माझ्या तोंडात होता. सोळा महिने उशिराने लिहिते आहे.

नाही, अर्लन. तू हात लवकर वर केला नाहीस.

मार्लिस